मुलांना घेऊन आनंदवन-हेमलकसाला जावं का? आणि देणगीचं तुमच्या घरात कसं ठरतं?

निळी छत्री:

नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे मिळून कुठेतरी जातो. कोकण झालं, किल्ले झाले, मध्ये हंपी झालं. यंदा सासऱ्यांनी सुचवलं, नातवंडांना आनंदवन (बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांबरोबर उभारलेली वसाहत) आणि हेमलकसा (आमटे कुटुंबाचाच भामरागडजवळचा, आदिवासींसाठीचा प्रकल्प) दाखवू या. ते कॉलेजात असताना सोमनाथच्या, म्हणजे बाबांच्याच आणखी एका प्रकल्पावरच्या, श्रमसंस्कार छावणीला गेले होते. दिवसभर कुदळ-फावडं आणि रात्री बाबा आमट्यांचं बोलणं, या आठवणी मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. अजूनही झाडाला आळं करताना ते धाकट्याला कुदळ कशी धरायची ते दाखवतात आणि तिथून छावणीची गोष्ट सुरू होते. त्यांचे गुडघे आता फार प्रवास करू देत नाहीत, म्हणून जायचं तर याच वर्षी, असं मलाही वाटतं.

अडलं ते थोरलीच्या प्रश्नापाशी. ती आठवीत आहे. म्हणाली, "आई, तिथल्या माणसांना आजार झाला होता म्हणून आपण त्यांना बघायला जायचं? आपल्याकडे कुणी असं बघायला आलं तर तुला चालेल का?" सासरे काही बोलले नाहीत, पण त्यांना ते लागलं हे मला दिसलं. मुलीचंही काही चुकलंय असं मला वाटत नाही. दोघांना एकाच गाडीत बसवून न्यायचं आहे, आणि दोघांचाही मान राहायला हवा.

दुसरी गोष्ट देणगीची. माझे आईवडील आजीच्या श्राद्धाच्या दिवशी न चुकता एका अनाथाश्रमाला मनीऑर्डर करत. फॉर्म भरायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे ती रक्कम आणि तो पत्ता मला अजून पाठ आहे. आमच्याकडे आता मार्च महिन्यात नवरा मोबाइलवरून पैसे पाठवतो आणि विषय संपतो. मुलांना त्यातलं काहीच दिसत नाही. त्यांनाही यात घ्यावं असं मनात आहे. तुम्ही घरी कसं करता? पैशांचे आकडे मुलांसमोर बोलता का?

रानवाट:

ताई, तुमच्या मुलीने विचारलंय तो प्रश्न फार मोलाचा आहे. तो तिच्याकडून काढून घेऊ नका, तसाच बरोबर घेऊन जा.

आम्ही गेलो तेव्हा आमची मुलं साधारण याच वयाची होती. निघण्याआधी एक काम घरीच केलं, ते तुम्हीही करा: आजाराबद्दल नीट बोलून घ्या. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. हॅन्सन यांनी 1873 मध्ये तो जंतू शोधला. पाप, शाप, रक्तातून येणं, या सगळ्या गोष्टी खोट्या आहेत. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. तेव्हापासून ठरावीक काळ गोळ्या घेतल्या की रोगी पूर्ण बरा होतो. 1995 पासून ही औषधं जगभर मोफत मिळतात. आपल्या देशात 2005 च्या अखेरीस रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं, पण नवे रुग्ण आजही सापडतात, हेही मुलांना सांगा.

आणि बोटांचं सांगा. मुलांच्या मनात भीती बसते ती तिथे. बोटं झडत नाहीत. नसा बधिर होतात, त्यामुळे गरम भांड्याचा चटका कळत नाही, चपलेतला खिळा कळत नाही. जखम दिसेपर्यंत ती खोलवर गेलेली असते, आणि असं पुन्हा पुन्हा होत गेलं की बोटं आखूड होतात. हे ऐकल्यावर माझ्या मुलाने विचारलं होतं, "म्हणजे दुखणं चांगलं असतं?" त्यावर रात्री बराच वेळ गप्पा झाल्या.

आता आनंदवनातलं. हातमागाच्या विभागात एक आजोबा सतरंजी विणत होते. बोटांची पुढची पेरं नव्हती. धोटा ते तळहाताच्या कडेने ढकलत, फणी मनगटाने ओढत, आणि लय एकदाही चुकत नव्हती. मुलगा खिळून उभा राहिला. आजोबांनी न थांबता त्याला विचारलं, "पुढचा पट्टा कुठला घेऊ?" हा म्हणाला, लाल. आजोबा म्हणाले, "लाल आत्ताच झाला. दोन लाल जवळ आले की नजर तिथेच अडकते, बाकीचं कापड कुणी बघत नाही." आणि त्यांनी निळा घेतला. मुलगा आता बराच मोठा झाला आहे. त्या प्रवासातलं त्याला काय आठवतं विचारलं तर आजार आठवत नाही, तो निळा पट्टा आठवतो. आपण एका विणकराला भेटलो, असंच तो सांगतो.

मला वाटतं, तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तिथे काम चालतं आणि ते काम बघायला गेलेल्याला काही ना काही शिकायला मिळतं. दानाने माणूस दुबळा होतो, कामाने उभा राहतो, ही तर बाबांची पहिल्यापासूनची भूमिका. म्हणून आम्ही काही गोष्टी आधीच ठरवून टाकल्या होत्या. मुलांच्या हातून खाऊ किंवा कपडे वाटायचे नाहीत. कुणाचा फोटो काढायचा नाही. तिथे बनलेल्या वस्तू किंमत देऊन विकत घ्यायच्या. देणगी कार्यालयात द्यायची, पावती घ्यायची, आणि ती ज्यांच्यासाठी आहे त्यांना आपल्यासमोर उभं राहावं लागू नये.

आईबाप म्हणून मला तिथे सर्वात जास्त भिडलं ते वेगळंच. 1951 मध्ये वरोऱ्याजवळच्या त्या खडकाळ जमिनीवर बाबा आणि साधनाताई राहायला गेले, तेव्हा बरोबर सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि 14 रुपये होते, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण त्यांच्याबरोबर विकास आणि प्रकाश ही दोन लहान लेकरंही होती. साप-विंचवांच्या रानात, आणि कुष्ठरोगाला सारा समाज घाबरत होता त्या काळात! आपल्या मुलाला साधा ताप आला तरी आपण रात्र जागून काढतो. साधनाताईंनी ते कसं पेललं असेल याचा विचार परतीच्या वाटेवर माझ्या बायकोच्या डोक्यातून जात नव्हता. आणि बाबांनी 23 डिसेंबर 1973 ला हेमलकशाला, भामरागडच्या जंगलात, माडिया गोंड लोकांसाठी सुरू केलेला लोक बिरादरी प्रकल्प पुढे त्याच प्रकाशने, बायको मंदाताईंबरोबर, उभा केला, जिथे तेव्हा धड रस्ता नव्हता की वीज. सासऱ्यांना मुलांसमोर हे सांगू द्या. त्यांच्या तोंडून ऐकण्यात जी गोडी आहे ती कुठल्याही माहितीफलकात नाही.

हेमलकशाला धाकट्याची चंगळ आहे. तिथल्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात एका माकडाच्या पिल्लापासून झाली. शिकार करून परतणाऱ्या माडियांकडे मेलेली माकडीण होती आणि पिल्लू तिला बिलगलेलं होतं. प्रकाशभाऊंनी ते पिल्लू मागून घेतलं. पण भुकेसाठी शिकार करणाऱ्या माणसाला त्यांनी दोष दिला नाही, हे मुलांना मुद्दाम सांगा. जंगल वाचवायचं तर आधी तिथल्या माणसाचं पोट भरलं पाहिजे, हे माझ्या मुलीला मी कधी समजावलं नसतं इतकं त्या एका गोष्टीतून कळलं.

देणगीचं दुसऱ्या प्रतिसादात लिहितो, हा फार लांबला.

आकडेमोड:

व्यवहाराचं थोडं मी लिहिते. मी एका संस्थेचे हिशेब बघते.

रोख देत असाल तर 2,000 रुपयांपेक्षा जास्त रकमेवर करसवलत मिळत नाही. त्याहून जास्त द्यायचं असेल तर बँकेतून द्या. संस्थेला 80जी ची (देणगीवर करसवलत मिळण्यासाठीची) मान्यता आहे ना ते बघा, पॅन नंबर द्या आणि नुसत्या पावतीवर समाधान न मानता वर्ष संपल्यावर देणगीचं 10बीई प्रमाणपत्र मागून घ्या. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट नाहीच. अशांनी मार्चची वाट बघण्याचं काही कारण नाही, कुठल्याही महिन्यात द्या.

नातेवाईक परदेशात असतील तर एक लक्षात ठेवा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. पण तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर ते परदेशी देणगीच ठरतात, आणि संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी असेल तरच त्या ठरावीक खात्यात घेता येतात. माझ्या टेबलावर दरवर्षी असे पैसे येतात आणि परत पाठवताना जीव हळहळतो.

एक विनंतीही करते. जुने कपडे, जुनी औषधं, जुने कॉम्प्युटर न विचारता पाठवू नका. ते निवडायला आणि टाकून द्यायला माणसं लागतात. "अमुकच कामासाठी वापरा" ही अट शक्यतो घालू नका. इमारतीसाठी देणारे मिळतात. वीजबिल, ड्रायव्हरचा पगार, ड्रेसिंगचा कापूस यांना कुणी मिळत नाही.

तुळशीवृंदावन:

माझं वय सत्तरीच्या पुढे आहे, त्यामुळे मत जुनं वाटेल, पण मनापासून लिहिते. मुलांना देणगीत घेऊ नये असं मला वाटतं. आमची आई कुणाला काय देत होती ते ती गेल्यावर कळलं. एका मुलीची नर्सिंगची फी तिने भरली होती. ती मुलगी बाराव्याला आली आणि ओट्यापाशी उभं राहून तिने सगळं सांगितलं. घरात चर्चा करून, मतं घेऊन दिलं की देणाऱ्याच्या मनात "मी दिलं" हे राहतंच. लहान मुलांच्या मनात तर फारच. त्यांना आपण देताना दिसू द्यावं, पण त्याचं बोलू नये.

रानवाट:

आजी, तुमच्या आईंना नमस्कार. तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे. आमच्याकडे मुलांच्या नावाने पावती कधीच फाडत नाही, ती याचसाठी. वाढदिवसाला देणगी देऊन त्याचे फोटो टाकणंही आम्हाला पटलं नाही.

पण बोललंच नाही तर मुलांना निवड करायला कोण शिकवणार? आमची पद्धत सांगतो. महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला निघते, आणि आकडा मुलांना माहीत असतो. किराणा किती, फी किती, हे आपण सांगतो, मग हेच का लपवायचं? त्यातला मोठा हिस्सा एकाच संस्थेला वर्षानुवर्षं जातो. त्यावर चर्चा नाही, कारण आकडेमोड यांनी लिहिलं तसं तिथले पगार आणि बिलं दर महिन्याला येतातच. उरलेला छोटा हिस्सा मुलांचा. सुचवायचं कुणीही, अट एकच: सुचवणाऱ्याने त्या संस्थेला स्वतः फोन करून त्यांना कशाची गरज आहे ते विचारायचं.

या अटीने खूप काही झालं. मुलीला एका शाळेला गोष्टींची पुस्तकं द्यायची होती. फोन केला तर तिथल्या बाईंनी सांगितलं, पुस्तकं आहेत गं, ठेवायला कपाट नाही, उंदीर खातात. मुलगी हिरमुसली. तिने मनात पुस्तकांची नावंसुद्धा काढून ठेवली होती. दोन दिवस काही बोलली नाही, मग म्हणाली, लोखंडी कपाट केवढ्याला मिळतं ते बघू या. पैसे दोन महिने साठवावे लागले. आपल्याला जे द्यायला आवडतं ते आणि समोरच्याला जे हवं ते यातला फरक मी तिला भाषण देऊन सांगितला असता तर तिने ऐकला नसता.

ताई, देवळातलं अन्नदान की दवाखाना की प्राणी, यावर आमच्याकडेही भांडणं होतात. होऊ द्या. माझी आई अन्नदानाचं सोडत नाही, तो तिचा हिस्सा तिच्या पेन्शनमधून असतो आणि त्यात आम्ही कुणी बोलत नाही.

निळी छत्री:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवले. निळ्या पट्ट्याची गोष्ट ऐकून सासऱ्यांनी सोमनाथच्या एका सोबत्याची आठवण सांगितली, जी इतक्या वर्षांत आमच्या कानावर आली नव्हती. त्या माणसाच्या हाताला पकड नव्हती, तर तो कुदळीचा दांडा मनगटाला फडक्याने बांधून खणायचा, आणि कॉलेजच्या पोरांना मागे टाकायचा. मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं? मग मी तसं विचारलंच नसतं." ते म्हणाले, "तू विचारलंस म्हणून आठवलं."

तर जायचं नक्की झालं. मुलीने दोन अटी घातल्या आहेत: मोबाइल गाडीत राहणार, आणि जाण्याआधी दोन्हीकडे फोन करून आपण आलेलं त्यांना सोयीचं आहे का ते ती स्वतः विचारणार. तुळशीवृंदावन आजी, तुमचंही पटलं. आमच्याकडे पावती एकाच नावाने निघेल, सासऱ्यांच्या. मुलांच्या हिश्शाचं मात्र रानवाट यांच्यासारखं करून बघते, आकडा सांगून.

आता रस्त्याचं विचारते. नागपूरहून आनंदवन, तिथे मुक्काम, मग आलापल्लीमार्गे हेमलकसा, असं मनात आहे. दिवाळीत रस्ता ठीक असतो ना? सासऱ्यांना सलग फार बसवत नाही.

रानवाट:

ठीक असतो. भर पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, दिवाळीपर्यंत पाणी उतरलेलं असतं. आनंदवन ते हेमलकसा एका दमात करू नका, वाटेत एक मुक्काम टाका, म्हणजे सासऱ्यांना जड जाणार नाही. आलापल्लीजवळचं राखलेलं जुनं सागवान बघायला थांबा, धाकट्याची मान दुखेपर्यंत वर बघावं लागेल अशी झाडं आहेत. पेट्रोल आलापल्लीलाच भरून घ्या आणि अंधार पडायच्या आत हेमलकशाला पोचा. मुक्कामाचं दोन्हीकडे आधी विचारूनच निघा, सुट्टीत गर्दी असते. जमलं तर भामरागडला तीन नद्यांच्या संगमावर सकाळी जा: इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम. पलीकडचा काठ छत्तीसगडचा, हे मुलांना नकाशावर आधी दाखवून ठेवा.