९ एमएम १ए: तक्रार अर्धीच खरी

आबा, "९ एमएम १ए पिस्तूल म्हणजे निव्वळ भंगार" हे तुमचं म्हणणं पटलं नाही. बंगालमधल्या इशापूर रायफल कारखान्याचं हे मॉडेल म्हणजे मूळ १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवर या नावाजलेल्या पिस्तुलाचंच रूप. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, तरी मूठ हातात चपखल बसते.

खरी खोड चापाची. मॅगझिन काढल्यावर बार उडू नये म्हणून आत बसवलेला तुकडा मॅगझिनला घासतो आणि चाप जड, खरखरीत लागतो. शिवाय मोठ्या पंजाला हॅमर, म्हणजे मागचा घोडा, चावतो. आमच्या भुसावळच्या एका सुभेदारसाहेबांच्या अंगठ्याच्या बेचक्यात त्याचा घट्टाच पडलाय. सेफ्टीचा खटकाही बारीक, तोही फक्त डाव्या बाजूला. डावखुऱ्या जवानानं काय करायचं?