मुलीच्या हाताला एअर पिस्तूलची ग्रिप मोठी पडतेय, कानस लावू का?

सांगलीकर_बाबा

नमस्कार मंडळी. माझी मुलगी नववीत आहे, दीड वर्षापासून १० मीटर एअर पिस्तूल करतेय. २०२४ ला पॅरिसला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं तेव्हा हिने हट्ट धरला, तो रायफलवाला पण हिला पिस्तूलच हवं होतं. आता एका सिनियर मुलाकडून सेकंडहँड पिस्तूल घेतलंय, कंडिशन चांगली आहे, ग्रिप अक्रोडाच्या लाकडाची आहे पण ती मोठ्या माणसाच्या पंजाची. अर्धा तास प्रॅक्टिस झाली की अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी लाल होते, परवा तर सोललीच. बोलत नाही ती, मी हात बघितला म्हणून कळलं. दुसरं म्हणजे ट्रिगरपर्यंत बोटाचं फक्त टोक पोचतं. मी स्वतः वर्कशॉपमधला माणूस, घरी कानस, पॉलिश पेपर सगळं आहे, हात शिवशिवतायत पण लाकूड एकदा गेलं की परत येत नाही म्हणून थांबलोय. नवीन छोट्या साइजची ग्रिप बाहेरून मागवायची तर खर्च बराच आहे. कुणी केलंय का हे? कुठून सुरुवात करू?

दहा_मीटर

दादा, थांबलात ते फार चांगलं केलंत. मी बारा-तेरा वर्षं स्टेटला खेळलो, बालेवाडीला बऱ्याच मॅचेस केल्या, आता मुलांना शिकवतो. तुमच्यासारखे पालक दर वर्षी भेटतात आणि निम्मे जण ग्रिप कापून झाल्यावरच येतात.

आधी कानस बाजूला ठेवा आणि ॲलन की हातात घ्या. मॅच पिस्तूलचा ट्रिगर पट्टीवर पुढे-मागे सरकतो, स्क्रू ढिला करून तो मागे घ्या. आधीच्या मुलाची बोटं लांब असतील, त्याने पुढे ठेवला असणार. मग ग्रिपच्या खाली मनगटाजवळ जी लाकडी फळी असते, हील रेस्ट, ती वर घ्या, हाताच्या कडेला नुसती लागली पाहिजे, आवळायची नाही. बहुतेक पिस्तूलांत ग्रिपचा कोनसुद्धा थोडा फिरवता येतो. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

मग ही टेस्ट करा. पिस्तूल रिकामं, तिने नेहमीसारखं उभं राहायचं, डोळे मिटायचे, हात उचलून टार्गेटच्या उंचीला आणायचा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. मनगट हलवायचं नाही. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरची नेम धरायची खूण, मागच्या साइटच्या खाचेत बरोब्बर मध्ये दिसली तर ग्रिप तिची आहे. माझा अंदाज, तिला ती खाचेच्या उजव्या कडेला दिसणार, कारण ट्रिगर गाठायला छोट्या हाताचं मूल मूठ ग्रिपच्या उजव्या अंगाला सरकवून धरतं आणि मग नळी हाताच्या मानाने उजवीकडे वळते. असं दहा वेळा करा, एकदा करून काही कळत नाही.

हे एवढं का करायचं तर हिशोब बघा. दोन साइट्समधलं अंतर ३३ सेंटिमीटरच्या आसपास. तिथे फक्त १ मिलिमीटर चूक झाली की १० मीटरवर छर्रा ३० मिलिमीटर लांब जातो. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे, म्हणजे हात अगदी स्थिर असूनही दहाचा सात होतो. आणि मूल मग मनगटाने साइट ओढून मध्ये आणतं, पहिले वीस शॉट जमतं, पण मॅच ६० शॉटची असते, मनगट दमलं की सगळं उजवीकडे पळायला लागतं आणि आपण पोरीला म्हणतो लक्ष नाही तुझं. लक्ष असतं हो तिचं, लाकूड चुकीचं असतं.

लाकूडकाम_कोल्हापूर

वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं. मी नेमबाज नाही, आमचा सुतारकामाचा धंदा आहे पण रेंजवरच्या मुलांच्या ग्रिपा माझ्याकडे येतात. राही सरनोबतने २०१८ ला जकार्ता-पालेमबांग एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड आणल्यापासून आमच्याकडे पोरींचं प्रमाण वाढलंय, आणि ग्रिप बहुतेक मोठ्या हाताच्याच मिळतात त्यामुळे हे दुखणं मला रोजचं आहे.

माझा एकच नियम आहे, आधी भरायचं मग काढायचं. लहान मुलांची रंगीत माती मिळते ना ती घ्या, ग्रिपवर जिथे तळवा टेकत नाही तिथे पातळ थापा, तिला धरू दे, तशीच दोन दिवस ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्रा न घालता सराव, करू दे. माती चुकली तर बोटाने काढता येते. बरं वाटलं की मग तोच आकार पक्क्या मालाने करायचा. बरेच जण एम-सील लावतात, चालतं, पण ते लाकडापेक्षा कडक होतं आणि जड, आणि घामाने सुळसुळीत लागतं. मी लाकडाचा बारीक भुसा चाळून ॲराल्डाइटमध्ये मळून लावतो, रंगही लाकडाला जवळचा येतो आणि कानस नीट चालते. भुसा आणि फेविकॉल करू नका, फर्निचरला ठीक आहे पण हाताच्या घामाने ते पुढे मऊ पडतं. माल ओला असताना वर पातळ प्लास्टिक लावूनच तिला हात ठेवायला सांगा, कातडीला ॲराल्डाइट लागू देऊ नका. रात्रभर हलवायचं नाही.

काढायचं कुठून ते लाकूडच सांगतं. तिच्या तळव्याला खडूची पूड चोळा, ग्रिप घट्ट धरू दे, सोडू दे. अक्रोडाच्या काळपट लाकडावर पांढरं लख्ख उठतं, जिथे जाड ठिपका तिथे दाब जास्त. लाल होतेय ती जागा वरच्या बाजूला मागे असणार, नळीच्या खालचा जो बाक आहे तिथे, आणि त्याची कड बहुतेक वेळा धारदार असते. अर्धगोल कानशीने फक्त ती कड मारा, मग १२० चा पेपर, मग २४०. एका बैठकीत कागदाच्या जाडीएवढंच काढायचं, मग शूटिंग, मग परत खडू. ग्रिप पिस्तूलवरून उतरवूनच काम करा, भुसा ट्रिगरमध्ये गेला तर मग रडत बसाल. शेवटी गुळगुळीत पॉलिश मारू नका, थोडी खरखर राहू दे.

ऑस्टिनकर

मी टेक्सासमध्ये असतो, मूळचा नाशिकचा. माझा विषय थोडा वेगळा, इथे कायद्याने कमरेला कपड्याखाली पिस्तूल बाळगता येतं आणि मी बाळगतो, तर ग्रिपचा त्रास मीही काढलाय, पण बरोबर उलटा. तुमच्याकडे ग्रिपने हात भरला पाहिजे, इकडे ती दिसता कामा नये. शर्टाखालून फुगवटा येतो तो नळीचा नसतो, ग्रिपच्या खालच्या मागच्या टोकाचा असतो, म्हणून लोक ते टोक गोल करतात किंवा आखूड ग्रिप घेतात. मग करंगळी हवेत लोंबते आणि प्रत्येक शॉटला पिस्तूल हातात फिरतं. ग्लॉक कंपनीच्या पिस्तूलच्या ग्रिपवर आधी बोटांसाठी खाचा असायच्या, माझी बोटं नेमकी उंचवट्यांवर यायची, २०१७ च्या पाचव्या जनरेशनला कंपनीने त्या काढून टाकल्या तेव्हा मला फार बरं वाटलं. त्याआधी मी एकाकडून प्लास्टिकवर सोल्डरिंगच्या टोकाने खरखरीत ठिपके करून घेतले होते, पकड जबरदस्त आली पण दिवसभर कमरेला घासून कातडी सोलली, आणि वॉरंटी गेली ती गेलीच. आता सिग पी३६५ पिस्तूल आहे, त्यात सीरियल नंबर असलेला भाग आतला असतो, बाहेरची ग्रिप आख्खी बदलता येते, मी मूळची कपाटात ठेवून दुसरी लावली. तेच तुम्हाला सांगेन दादा, मूळची ग्रिप जपा. पोरगी वाढतेय, वर्षाभरात पंजा बदलेल.

आणि भारतातल्या वाचकांसाठी, लायसन्सच्या हत्याराला यातलं काहीही घरी करू नका, परवानाधारक गन दुकानातच न्या.

दहा_मीटर

ऑस्टिनकरांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. आणि दादा, नियम विसरू नका, कितीही आरामदायक वाटलं तरी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे मॅचच्या साहित्य तपासणीला, अडकलं तर उपयोग नाही. ग्रिपने हाताला वेढा घालता कामा नये, मनगटाला आधार चालत नाही, हील रेस्ट ग्रिपशी ९० अंशापेक्षा कमी कोनात वळलेली नको, आणि अंगठा वर मोकळा उचलता आला पाहिजे. आख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं, भर घातल्यावर रुंदी ५० च्या वर जाते आणि तिथेच मुलं फसतात. वजन दीड किलोच्या आत, ट्रिगर ओढायला कमीत कमी ५०० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे. पुठ्ठ्याची पेटी घरीच करून बघा.

सांगलीकर_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बसलो दोघं. ट्रिगर साधारण ६ मिलिमीटर मागे आला, हील रेस्ट वर घेतली. डोळे मिटून दहा वेळा केलं, आठ वेळा फ्रंट साइट उजवीकडेच, तुम्ही न बघता सांगितलं होतं. मग ग्रिपचा कोन किंचित फिरवला, आता दहात सहा वेळा मध्ये येते. कानस लावली ती फक्त वरच्या त्या कडेला, खडूचा ठिपका जिथे जाड होता तिथेच, आणि तीही तिनेच मारली, मी नुसता धरून बसलो होतो. तळव्याच्या खोलगट जागी हिरवी माती थापलीय, ॲराल्डाइट अजून नाही. काल ४० शॉट झाल्यावर हात बघितला, लाल नव्हता. पुठ्ठ्याची पेटी आज रात्री करतो.