प्रशांत महासागरातील बेटवासीयांची युद्धनिष्ठा: खरी की सोयीची?

दर्यावर्दी

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्णनांत न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांवरचे मूळ रहिवासी बहुधा दोनच रूपांत भेटतात: जखमी ऑस्ट्रेलियन सैनिकांना डोंगरातून वाहून नेणारे देवदूत, नाहीतर जपान्यांना फितूर झालेले लोक. ही दोन्ही रूपे गोऱ्या राज्यकर्त्यांच्या सोयीची आहेत, असे माझे मत आहे. ज्यांचे राज्य त्यांनी मागितले नव्हते आणि ज्यांचे युद्ध त्यांनी सुरू केले नव्हते, अशा सत्तांना या लोकांनी झेंड्यावरून नव्हे, तर वागणुकीवरून जोखले; तेही आपल्या गावापुरते आणि आपल्या जुन्या वैरांच्या हिशेबाने.

न्यू गिनीतील सेपिकचा प्रदेश पाहा. पुढे पापुआ न्यू गिनी या देशाचे पहिले पंतप्रधान झालेले मायकेल सोमारे लहानपणी तिथल्या किनाऱ्यावरील कराऊ गावात जपानी अधिकाऱ्याने चालवलेल्या शाळेत शिकले आणि त्या अधिकाऱ्याविषयी त्यांनी शेवटपर्यंत आपुलकी बाळगली. त्याच प्रदेशातील टिंबुंके गावात मात्र १९४४ साली जपान्यांनी, शेजारच्या वैरी गावकऱ्यांना हाताशी धरून, शंभरएक पुरुषांची कत्तल केली. 'सेपिकच्या लोकांचे जपान्यांविषयी मत' असे एकच मत कुठून काढायचे?

शंकेखोर

मांडणी आकर्षक आहे, पण तिने माणसांचे धैर्य हिशेबाच्या वहीत बसवले आहे. ब्रिटिशांच्या ताब्यातील सॉलोमन बेटांपैकी ग्वाडलकनालचे जेकब वूझा हे ब्रिटिश पोलीस दलातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. घरी बसले असते तरी कोणी बोल लावला नसता. ऑगस्ट १९४२ मध्ये जपान्यांनी त्यांना पकडले, झाडाला बांधले, संगिनींनी भोसकले आणि मेले समजून सोडून दिले. त्यांनी तोंड उघडले नाही. उलट दोर तोडून, रक्तबंबाळ अवस्थेत अमेरिकन फळीपर्यंत पोहोचून त्यांनी येऊ घातलेल्या हल्ल्याची खबर दिली. गावापुरता हिशेब करणारा माणूस इतके सोसत नाही.

दर्यावर्दी

वूझांचे धैर्य मी नाकारत नाही. ते कोणाच्या खात्यावर मांडले जाते, एवढाच माझा प्रश्न आहे. जपान्यांना त्यांच्याजवळ सापडला तो छोटा झेंडा अमेरिकेचा होता, ब्रिटनचा नव्हे. पंचवीस वर्षांची नोकरी एका सत्तेची आणि जिवावर बेतलेला झेंडा दुसरीचा. शिवाय निष्ठा मागणाऱ्यांनी ती कशी वसूल केली, हेही पाहावे. १९४२ साली ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातील पापुआच्या, म्हणजे न्यू गिनीच्या आग्नेय भागाच्या, उत्तर किनाऱ्यावरील काही गावकऱ्यांनी अँग्लिकन मिशनऱ्यांना जपान्यांच्या हवाली केले. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियन लष्करी प्रशासनाने हिगातुरू येथे, गावोगावच्या लोकांना जमवून, त्यांच्यादेखत या प्रकरणातल्या माणसांना फासावर चढवले. ज्या राज्याने त्यांना कधी मत विचारले नाही आणि जपानी येताच जे तिथून मागे हटले, त्याच राज्याशी त्यांनी 'द्रोह' केला, हे मला पटत नाही.

तिसरा किनारा

सगळीकडे एकच सूत्र लावू नये. ग्वाम हे बेट १८९८ पासून अमेरिकेकडे होते. १० डिसेंबर १९४१ रोजी ते जपानच्या हाती गेले, आणि तिथले मूळ रहिवासी असलेले चामोरो लोक अमेरिकेच्या परतीची खरोखर वाट पाहत राहिले. अंकल सॅमला, म्हणजे अमेरिकेला, परत बोलावणारे गाणे ते लपूनछपून म्हणत. ही ओढ सक्तीची नव्हती. सक्तमजुरी आणि छळछावण्या त्यांना जपानी राजवटीत भोगाव्या लागल्या होत्या. त्या ओढीची परतफेड कशी झाली, हा वेगळा विषय आहे: युद्धानंतर अमेरिकन लष्कराने बेटावरील बरीच जमीन ताब्यात घेतली आणि नागरिकत्व १९५० पर्यंत लांबले.

शंकेखोर

ग्वामचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. सॉलोमनमध्येही अमेरिकन लोकप्रिय होते, हे दर्यावर्दींनाही मान्य असावे. कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक ट्रक चालवतात, गोऱ्यांसारखाच गणवेश घालतात, हे पाहून बेटवासी थक्क झाले. त्या सैन्यात काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात, हे त्यांना बाहेरून कसे दिसणार? म्हणजे जोखणारी नजरही फसू शकते.

दर्यावर्दी

फसली असेल, पण तुलना अमेरिकेतील न्यायाशी नव्हतीच; ती नारळाच्या मळ्यावरील ब्रिटिश मालकाशी होती. युद्धकाळात सॉलोमन बेटांच्या मजूर दलातील माणसाला महिन्याला एक पौंड मिळे. अमेरिकन अधिक द्यायला तयार असले, तरी ब्रिटिश प्रशासनाला ते नको होते, कारण युद्ध संपल्यावर मळ्यांवर तोच दर टिकवायचा होता. सैनिकांनी दिलेल्या वस्तूही अधिकारी काढून घेत. सॉलोमनमधल्याच मलाइता बेटावर १९४४ पासून मासिना रूल ही चळवळ उभी राहिली, ती या अनुभवातून. तिथल्या आरेआरे भाषेत 'मासिना' म्हणजे भाऊ. मळ्यांवर जायचे नाही, आपली न्यायसभा आपण चालवायची आणि मजुरी महिन्याला बारा पौंड, ही त्यांची भूमिका होती. १९४७ पासून सरकारने धरपकड करून हजारोंना तुरुंगात टाकले, तरी १९५३ मध्ये मलाइताला स्वतःचे कौन्सिल द्यावेच लागले. एका पौंडावरून बारावर जाणाऱ्या माणसांना फसलेले म्हणणे मला जड जाते.

शंकेखोर

मासिना रूलचे मान्य. वूझांवर मात्र मी ठाम आहे. ब्रिटनने त्यांना जॉर्ज पदक दिले आणि १९७९ मध्ये सर किताब दिला. त्यांनी दोन्ही स्वीकारले.

दर्यावर्दी

स्वीकारले खरे. १९८४ मध्ये त्यांना पुरले, तेव्हा त्यांच्या अंगात अमेरिकन मरीन दलाचा कोट होता.