सुपर फॅमिकॉम: दोन प्रोसेसरांमध्ये फक्त चार बाइट. बरोबर की चूक?

तारयंत्र (धागाकर्ता)

जुन्या कन्सोलांचा विषय निघाला की एक तक्रार हमखास येते. १९९० साली निन्टेन्डोने सुपर फॅमिकॉम (जपानबाहेर सुपर एनईएस) काढला, तेव्हा आवाजाचा विभाग उगाच तोडून बाजूला ठेवला आणि प्रोग्रामरांचे हाल केले, अशी ती तक्रार. मला हे अजिबात पटत नाही. त्या यंत्रातला सगळ्यात विचारपूर्वक घेतलेला निर्णय तोच होता असं माझं मत आहे.

ज्यांनी हे यंत्र आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुख्य प्रोसेसर रिकोचा ५ए२२, वेग जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झ, दिमतीला १२८ केबी रॅम. आवाजाकडे सोनीच्या दोन चिपा: एसपीसी७०० हा १.०२४ मेगाहर्ट्झचा ८ बिटी प्रोसेसर, आणि ८ व्हॉइस (एकाच वेळी वाजणारे स्वतंत्र आवाज) मिसळून ३२ किलोहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ३२ हजार मापांच्या दराने, बाहेर देणारा डीएसपी (आवाजावर आकडेमोड करणारी चिप). या दोघांची मिळून ६४ केबी रॅम, आणि मुख्य प्रोसेसरला ती दिसतसुद्धा नाही. मध्ये आहेत चार पोर्ट, प्रत्येक एका बाइटाचा. इकडून लिहिलेलं तिकडे वाचता येतं, तिकडून लिहिलेलं इकडे. एकमेकांना इंटरप्ट (हातातलं काम थांबवून लक्ष वेधणारा इशारा) देण्याची सोय नाही.

यंत्र चालू केलं की एसपीसीच्या ६४ बाइटांच्या रॉममधला प्रोग्राम पहिल्या दोन पोर्टांवर एए आणि बीबी हे ठरलेले आकडे (सोळाच्या पद्धतीतले) ठेवतो, म्हणजे मी तयार आहे. मुख्य प्रोसेसर सीसी लिहितो आणि तेच परत दिसेपर्यंत थांबतो. मग एका पोर्टवर माहितीचा बाइट, दुसऱ्यावर त्याचा क्रमांक. एसपीसीने तो क्रमांक परत लिहिला की पुढचा बाइट. ड्रायव्हर (संगीत वाजवणारा प्रोग्राम), वाद्यांचे नमुने (नोंदवलेल्या ध्वनीचे तुकडे), चाली, सगळं याच वाटेने जातं.

एकदा गेलं की मात्र मुख्य प्रोसेसर मोकळा. त्याने एवढंच सांगायचं: अमुक क्रमांकाचं संगीत लाव, तमुक आवाज दे. लय एसपीसीच्या स्वतःच्या तीन टायमरांवर चालते. पडद्यावर शत्रूंची गर्दी झाली, खेळ रखडला, तरी ताल हलत नाही. त्याआधीच्या फॅमिकॉमवर एकच प्रोसेसर दोन्ही कामं करायचा. तिथे ड्रायव्हर खेळाच्या मुख्य लूपमधून चालवला असेल तर खेळाबरोबर गाणंही रडायला लागायचं. वेगळी रॅम आणि वेगळा प्रोसेसर हाच त्यावरचा खरा उपाय होता.

बिटवेडा

लय टिकते हे मान्य. पण तुम्ही किंमत सांगितलीच नाहीत. त्या ६४ बाइटांच्या रॉममधला माहिती घेणारा लूप मोजून बघा: क्रमांक तपास, बाइट वाच, क्रमांक परत लिही, रॅममध्ये ठेव, पुढे सरक. एका बाइटाला एसपीसीची किमान पंचवीसएक चक्रं (घड्याळाचे ठोके) जातात. ६४ केबी पूर्ण भरायची तर दीड सेकंदाच्या पुढेच. तेवढा वेळ मुख्य प्रोसेसर बाइट ठेवतो आणि पोचपावतीची वाट बघतो. कार्ट्रिजवरच्या खेळात टप्पा बदलताना पडदा काळा राहतो, त्यातला बराच वेळ इथे जातो.

आणि जागा तरी किती? नमुने दाबून ठेवतात, ध्वनीची १६ मापं ९ बाइटांत. सगळी ६४ केबी नमुन्यांनीच भरली तरी ३२ किलोहर्ट्झला साडेतीन सेकंदांच्या आसपासचा आवाज मावतो. त्यात ड्रायव्हर हवा, चाली हव्यात, आणि घुमारा (प्रतिध्वनी) हवा असेल तर दर १६ मिलिसेकंदांना २ केबी. पूर्ण २४० मिलिसेकंदांचा घुमारा घेतलात तर ३० केबी गेली. कार्ट्रिजमध्ये १ एमबी रॉम पडलेली आहे आणि डीएसपीला ती वाचता येत नाही. याला विचारपूर्वक निर्णय म्हणवत नाही मला.

कानसेन

बिटवेडा, डीएसपीला रॉम थेट वाचू दिली असती तर काय झालं असतं ते बघायला कल्पना लढवावी लागत नाही. १९८८ चा सेगाचा मेगा ड्राइव्ह आहे ना. तिथे मुख्य प्रोसेसर ६८००० (७.६७ मेगाहर्ट्झ) आणि आवाजासाठी झेड८० हा दुसरा प्रोसेसर, त्याच्याकडे फक्त ८ केबी रॅम. वाद्यांचे नमुने त्यात मावत नाहीत, म्हणून झेड८० ते ३२ केबीच्या खिडकीतून कार्ट्रिजवरून वाचतो. तीच बस (माहिती नेणारी वाट) ६८००० ची. चित्राच्या चिपेने डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट माहिती उचलणं) सुरू केलं की झेड८० ला थांबावं लागतं, आणि नमुने ठरलेल्या अंतराने बाहेर पडत नाहीत. त्या यंत्रावरची बोललेली वाक्यं आणि ढोल खरखरीत येतात, त्यामागे हे एक मोठं कारण. काही ड्रायव्हरांनी आधीच थोडे नमुने रॅममध्ये साठवून यातून वाट काढली, पण ती प्रत्येकाला स्वतः काढावी लागली.

मी तबला वाजवतो. लयीत एखादी मात्रा किंचित जरी मागेपुढे झाली तरी कानाला टोचते. चित्रातली एक फ्रेम हुकली तर डोळा माफ करतो. आवाजाच्या चिपेला कुणाच्याही बसवर ताटकळत ठेवू नये या मताचा मी आहे.

निळावंती

दोघांचंही वाचलं. मी गाड्यांच्या ऑडिओ सिस्टिमवर काम करते, तिथे रोज हाच प्रश्न असतो: मुख्य चिप एकीकडे, डीएसपी दुसरीकडे, दोघांनी बोलायचं कसं. आमच्याकडे दोघांना दिसणारी मेमरी असते, त्यात रिंग बफर (गोल फिरून पुन्हा वापरायची रांग), आणि 'काहीतरी ठेवलंय, बघ' हे सांगायला इंटरप्ट. वेग भरपूर. पण सगळ्यात चिवट बग याच सामायिक मेमरीत सापडतात. एका बाजूने लिहिलेलं तिच्या कॅशमध्येच (प्रोसेसरजवळच्या छोट्या साठ्यात) राहिलं, दुसरीने जुनंच वाचलं. किंवा लिहिण्याचा क्रम उलटला आणि माहिती पोचण्याआधी 'तयार' ही खूण पोचली. असा बग तासन्‌तास दिसत नाही आणि गिऱ्हाइकाच्या गाडीत दिसतो.

त्या मानाने चार बाइटांचा करार वाचायला सोपा आहे. पण तारयंत्र, तोही तुम्ही म्हणता तितका निर्धोक नाही. एक बाजू लिहीत असताना दुसरीने नेमकं त्याच क्षणी वाचलं तर जुना आणि नवा यांचं मिश्रण हाती येऊ शकतं. म्हणून सलग दोनदा वाचायचं आणि दोन्ही जुळले तरच धरायचं. दुसरं, एकच आवाज लागोपाठ दोनदा हवा असेल तर पोर्टवरचा आकडा बदलतच नाही, मग एसपीसीला नवा हुकूम कळणार कसा? त्यासाठी हुकमासोबत दर वेळी बदलणारी खूण पाठवावी लागते. आणि एसपीसीने वाचण्याआधी पुढचा हुकूम लिहिला तर पहिला गेलाच. यातलं हार्डवेअर काहीच सांभाळत नाही, प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आपापलं सांभाळायचं. साधी रांग आणि एक इंटरप्ट एवढं दिलं असतं तर खूप फरक पडला असता.

बिटवेडा

निळावंती, नेमकं. आणि घड्याळांचं तर अजून कुणी बोललंच नाही. मुख्य प्रोसेसर २१.४७७ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून (घड्याळाचे ठोके देणारा भाग) चालतो, आवाजाचा भाग २४.५७६ मेगाहर्ट्झच्या सिरॅमिक रेझोनेटरवरून (तेच काम करणारा स्वस्त भाग). रेझोनेटर क्रिस्टलइतका काटेकोर नसतो. २०२५ मध्ये आधी नोंदवलेल्या बटणांचा क्रम खऱ्या यंत्राला आपोआप पुरवून खेळ पूर्ण करणाऱ्या मंडळींनी बऱ्याच कन्सोलांची मोजमापं गोळा केली, तेव्हा आवाजाचा दर ३२,००० च्या थोडा वरच निघाला, आणि यंत्रागणिक वेगळा. मुख्य प्रोसेसर पोचपावतीसाठी थांबतो, म्हणजे टप्पा उघडायला लागणारा वेळ या रेझोनेटरवर अवलंबून. सारखाच खेळ, सारखीच बटणं, आणि एका यंत्रावर एक फ्रेम इकडेतिकडे. एम्युलेटर (यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) लिहिणाऱ्यांना तर दोन असंबद्ध घड्याळं जुळवत बसावं लागतं.

तारयंत्र

घड्याळाचा मुद्दा मला वेगळा दिसतो. आवाजाला नेमका ३२ किलोहर्ट्झ दर हवा, आणि मुख्य घड्याळ टीव्हीच्या रंगसंकेताला बांधलेलं. ते भागून ३२,००० नीट निघत नाही. म्हणून वेगळं घड्याळ हवंच होतं. क्रिस्टल ऐवजी रेझोनेटर घातला हे स्वस्तात केलेलं काम आहे, त्याचा राग विभागणीवर कशाला?

वाट अरुंद होती हे निळावंतींचं म्हणणं मला मान्य आहे, आणि माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. ही आवाजाची चिप सोनीच्या केन कुतारागींनी घडवली. त्यांच्याच पुढाकाराने १९९४ मध्ये प्लेस्टेशन आला. त्यात काय केलं? आवाजाच्या चिपेला स्वतःची ५१२ केबी रॅम, २४ व्हॉइस, ४४.१ किलोहर्ट्झ. ती रॅमही मुख्य प्रोसेसरला थेट दिसत नाही. फरक एवढाच की ती भरायला डीएमए दिलं. भिंत तशीच ठेवली, दार मोठं केलं. चुकीची वाटली असती तर भिंतच पाडली असती.

बिटवेडा

तुम्ही अर्धंच सांगताय. प्लेस्टेशनमध्ये आवाजाकडचा वेगळा प्रोसेसर त्यांनी काढून टाकला. २४ व्हॉइसची रजिस्टरं (चिपेतल्या सूचना लिहायच्या जागा) मुख्य प्रोसेसर स्वतः लिहितो, लय तोच सांभाळतो. ३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर मिळाल्यावर एसपीसीसारख्या मध्यस्थाची गरज उरली नाही. म्हणजे टिकली ती वेगळी मेमरी, दोन प्रोसेसरांनी पोर्टांवरून एकमेकांना विचारत बसणं गेलं. मी पहिल्यापासून विरोध करतोय तो या दुसऱ्या गोष्टीला.

कानसेन

३३ मेगाहर्ट्झ १९९४ ला मिळाले, १९९० ला हातात ३.५८ होते. त्यातून ८ व्हॉइसचं संगीत चालवायला दर फ्रेमला वेळ काढा आणि मग खेळ किती उरतो ते सांगा.

निळावंती

सुपर फॅमिकॉमवरच्याच १९९५ च्या टेल्स ऑफ फँटेझिया या खेळाचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरता येईल. त्याच्या सुरुवातीला चक्क गायलेलं गाणं आहे, ६४ केबीत न मावणारं. वाजत असतानाच मुख्य प्रोसेसर कार्ट्रिजमधून पुढचे नमुने त्याच चार पोर्टांतून सतत पुरवत राहतो. म्हणजे वाट अरुंद असली तरी गाण्यापुरती पुरली. पण तेवढा वेळ मुख्य प्रोसेसरच्या मानेवर ते ओझं आहेच, म्हणून असलं काम प्रस्तावनेत परवडतं, ऐन लढाईत अखंड गाणं पुरवणं अवघड. बिटवेडा, त्या पुरवठ्याचा दर तुमच्या पंचवीस चक्रांच्या हिशोबाशी ताडून बघाल का? रॉममधला लूप सोडून स्वतःचा लिहिला तर एका पोचपावतीत तीन पोर्टांवरून तीन बाइट जातात, मग तुमचा दीड सेकंदही बराच खाली येतो.