शब्दचर्चा : शिरेतली ‘गुठळी’ की शिरेत शिरलेली गाठ?

माहेरवाशीण :
मामांच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘पोर्टल व्हेन ट्यूमर थ्रॉम्बस’ असं आलंय. यकृताचा कर्करोग आहे हे आधीच कळलं होतं. मामींना इंग्रजी येत नाही, म्हणून मी वाचून सांगितलं, ‘‘लिव्हरच्या शिरेत गुठळी झालीय.’’ ते ऐकून मामींच्या जिवात जीव आला. शेजारच्या काकांच्या पायात गुठळी झाली होती, ते रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर बरे झाले. दुसऱ्या दिवशी मामी डॉक्टरांना विचारू लागल्या, ‘‘मग ह्यांना ती गोळी का देत नाही?’’ तो प्रश्न माझ्या शब्दामुळे आला, हे मनातून जात नाही. थ्रॉम्बसला कोशात गुठळीच दिलंय. मग इथे काय म्हणायचं? आणि ‘रक्तातून पसरतो’ म्हटलं की घरच्यांना वाटतं, रक्ताचा कॅन्सर झाला. त्यालाही काही शब्द सुचवा.

सूक्ष्मदर्शी :
ताई, कोशातला शब्द बरोबर आहे, पण या जागी तो चालत नाही. पिठल्यात गुठळी होते ती पिठाचीच. रक्तात होते ती रक्ताचीच. गुठळी म्हणजे जे पातळ होतं तेच थिजून गोळा झालं. मामांच्या शिरेत जे आहे ते मुख्यतः रक्त नाही, यकृतातली गाठच शिरेची भिंत फोडून आत वाढली आहे. वेलाचा शेंडा कौलाच्या फटीतून घरात यावा तशी ती मूळ गाठीला जोडलेली असते आणि शिरेच्या पोकळीत पुढे सरकत जाते. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी तिला विरघळवू शकत नाही.

यकृताच्या रुग्णांत साधी रक्ताची गुठळीही होऊ शकते, त्यामुळे दोन्हींना एकच शब्द वापरणं धोक्याचं. स्कॅनमध्ये चित्र ठळक करणारं औषध सोडल्यावर शिरेतली गाठ सहसा ते औषध घेते, कारण तिला स्वतःचा रक्तपुरवठा असतो. साधी गुठळी घेत नाही. डॉक्टर या खुणेवरून ओळखतात.

माझी सूचना : ‘शिरेत शिरलेली गाठ’. कानाला ‘शीर’ आणि ‘शिरणे’ जवळ वाटतात, त्यामुळे लक्षातही राहतं. गाठ असं आत घुसण्याला, म्हणजे इन्व्हेजनला, लोक ‘आक्रमण’ लिहितात, मला ‘शिरकाव’ जास्त पटतो. आक्रमण म्हटलं की मोठा गाजावाजा डोळ्यांपुढे येतो. पुष्कळदा हा शिरकाव इतका बारीक असतो की स्कॅनमध्ये दिसतच नाही. गाठ कापून काढल्यावर सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. तो ‘सूक्ष्म शिरकाव’. मोठ्या शिरेत डोळ्यांना दिसतो तो ‘मोठ्या शिरेतला शिरकाव’. या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे : मोठ्या शिरेत गाठ दिसली की यकृताच्या कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या बार्सिलोनाच्या वर्गवारीत रुग्ण ‘सी’, म्हणजे पुढे गेलेल्या, टप्प्यात जातो. यकृतरोपणासाठी 1996 पासून वापरले जाणारे मिलानचे निकष आहेत (एकच गाठ असेल तर 5 सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, प्रत्येकी 3 सेंटिमीटरपर्यंत), त्यांतही मोठ्या शिरेत शिरकाव नसावा ही अट आहेच.

कोशवाचक :
‘लिव्हरची शीर’ यावरही थांबायला हवं, कारण यकृताच्या शिरा दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांच्या दिशा उलट आहेत. पोर्टल व्हेन आतडी, जठर, प्लीहा यांचं रक्त यकृतात आणते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश तिच्यातून येतं. हिपॅटिक व्हेन यकृतातलं रक्त बाहेर काढून हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत सोडते. पोर्टल म्हणजे दाराची. म्हणून आपल्याकडे तिला ‘प्रतिहारी’ म्हणतात, प्रतिहार म्हणजे दार आणि दारपाळही. शब्द सुंदर आहे, पण आज तो ऐकून कुणालाच दार दिसत नाही. मी सरळ ‘आणणारी शीर’ आणि ‘नेणारी शीर’ म्हणतो.

हा भेद नुसता शब्दांचा नाही. आणणाऱ्या शिरेच्या फांद्यांत गाठ शिरली तर पेशी यकृतातच दुसरीकडे जाऊन रुजतात, मूळ गाठीभोवती लहान लहान गाठी दिसू लागतात. शीर तुंबली की मागे दाब वाढतो, मग पोटात पाणी होतं, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात. नेणाऱ्या शिरेत शिरली तर वाट महाशिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्याकडे आणि तिथून फुप्फुसाकडे. यकृताबाहेर हा रोग सर्वांत जास्त फुप्फुसातच सापडतो, त्याचं एक कारण ही वाट. कधी कधी गाठ महाशिरेतून वाढत थेट हृदयाच्या कप्प्यापर्यंत पोचते.

वाफसा :
आता ‘पसरणं’. कर्करोग दुसऱ्या जागी जाऊन रुजण्याला, म्हणजे मेटास्टॅसिसला, विक्षेप, स्थलांतर, स्थानांतरण असे शब्द वाचले आहेत. स्थलांतर मला चुकीचं वाटतं. स्थलांतर करणारा जुनं घर सोडतो, इथे मूळ गाठ जागेवरच असते. विक्षेप बिनचूक असेलही, पण मामींना त्याचा काय उपयोग? दवाखान्याच्या बाकावर ‘सेकंडरी झाल्यात’ म्हणतात, गावाकडे ‘मुळं पसरली’. त्यातलं मूळ घेण्यापेक्षा मी बी घेईन. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने 1889 मध्ये हेच मांडलं होतं : बी सगळीकडे उडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीत. रक्तात शिरलेल्या बहुतेक पेशी मरून जातात. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, असेल तिथेच एखादी धरते. म्हणून शिरकाव आणि प्रसार हे दोन वेगळे शब्द ठेवा. शिरकाव झाला म्हणजे प्रसार झालाच, असं नाही. धोका वाढला असला तरी पेरणी झालेलीच असते असं नाही.

मेटास्टॅसिस हा शब्द कर्करोगासाठी 1829 मध्ये फ्रेंच वैद्य रेकामिए यांनी वापरला, आणि कर्करोग शिरांत घुसतो हेही त्यांनीच नोंदवलं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत आधीच्या अर्बुदावर (गाठीवर) उगवलेल्या दुसऱ्या अर्बुदाला ‘अध्यर्बुद’ आणि जोडीने येणाऱ्याला ‘द्विरर्बुद’ म्हटलंय, ते असाध्यही सांगितलंय. त्यात रक्ताच्या वाटेचा उल्लेख नाही, त्यामुळे सुश्रुतांना मेटास्टॅसिस ठाऊक होता असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या गाठीला वेगळं नाव द्यावंसं वाटलं, हे निरीक्षण मोठंच आहे.

कोशवाचक :
रक्ताच्या कॅन्सरचा गोंधळ मराठीच्या विभक्तीने सुटतो. ‘रक्ताचा’ म्हणजे रक्तात जन्मलेला. ‘रक्तातून’ म्हणजे रक्त ही फक्त वाट. तसंच ‘यकृताचा’ आणि ‘यकृतात आलेला’. मोठ्या आतड्याचा कर्करोग ‘आणणाऱ्या शिरे’तूनच यकृतात येतो, त्याला यकृताचा म्हणायचं नाही, उपचारही वेगळे असतात. बोलताना ‘चा’वर आणि ‘तून’वर जोर द्या, कान आपोआप टिपतो.

सूक्ष्मदर्शी :
आणखी एक सांभाळा. वयस्क माणसं यकृताला काळीज म्हणतात, आणि ते बरोबरच आहे, मटणाच्या दुकानातली कलेजी यकृतच असते. पण तरुण पिढीला काळीज म्हणजे हृदय. ‘काळजाचा कॅन्सर’ ऐकून नातवंडं हार्टच्या डॉक्टरकडे चौकशी करताना मी पाहिली आहेत.

माहेरवाशीण :
सगळ्यांचे आभार. काल मामींजवळ बसून हातावर दाखवलं. मनगट म्हणजे आणणारी शीर, तळहात यकृत. म्हटलं, ‘‘मामी, मी गुठळी म्हणाले ते चुकलं. रक्त थिजलेलं नाही. गाठच शिरेत शिरलीय, म्हणून गोळीने जाणार नाही. डॉक्टर दुसरे उपाय बघतायत.’’ त्या बराच वेळ माझं मनगट धरून होत्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे अजून पेरलं गेलं नाही ना दुसरीकडे?’’ वाफशाचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. फुप्फुसाचा स्कॅन सोमवारी आहे.