अंगणातला स्लीपर नक्की कुठल्या गाडीचा?

धायरीकर

मंडळी, आमचं कोरेगाव तालुक्यातलं जुनं घर येत्या उन्हाळ्यात पाडायचं ठरलंय. (भाऊबंदकी मिटली एकदाची, तो विषय वेगळा.) अंगणात दोन दगडांवर आडवा टाकलेला रेल्वेचा लाकडी स्लीपर आहे, म्हणजे रुळांखाली आडवा घालतात तो ओंडका. आम्ही त्याला बाक म्हणतो. आजीनं त्यावर बसून शेंगा फोडल्या, वडिलांची दाढी न्हाव्यानं त्यावरच केली. लाकूड काळंकुट्ट. वैशाखात तापलं की अजून डांबराचा वास सुटतो, आणि नवी पँट घालून बसलं की आई ओरडायची.

घरात सगळे सांगतात, आजोबांनी तो बार्शी लाईटचा, म्हणजे बार्शीच्या छोट्या रेल्वेचा आणला. थोरली आत्या बार्शीला दिलेली, त्यामुळे शंका कुणी घेतली नाही. पण बार्शीहून कोरेगावला हे धूड आणलं कशात? शिवाय बार्शी लाईटची छोटी गाडी 2000 नंतर टप्प्याटप्प्यानं बंद झाली, आणि आजोबा 1983 लाच गेले.

वखारवाला भाव सांगून गेलाय. विकायचा नाही, पुण्याला आणून बाल्कनीत ठेवायचा विचार आहे. पण आल्यागेल्याला सांगायचं काय? ओळखायचं कसं?

लाल_कंदील

नमस्कार. मी रेल्वेत रुळांच्या खात्यात होतो, निवृत्तीनंतर घोरपडीत राहतो. तुमचा सनावळीचा मुद्दा बाद. चालू लाईनवरचे कुजके स्लीपर सतत बदलले जातात, ते काय लाईन बंद व्हायची वाट बघत नाहीत. आजोबांना बाजूला ठेवा आणि टेप घ्या.

आधी लांबी. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. नॅरोगेजचा स्लीपर साधारण 5 फूट, मीटरगेजचा 6, ब्रॉडगेजचा 9. टोकं कापली असतील तर लांबीवर विसंबू नका. मग वरच्या अंगाला रूळ बसायच्या दोन जागा शोधा. तिथं लाकूड तासून किंचित आतल्या बाजूला उतार दिलेला असतो, कारण रूळ उभा सरळ नसतो, वीसास एक आत कललेला असतो. इतकी वर्षं लोक बसून बसून तो गुळगुळीत झाला असेल, डोळ्यांना दिसणार नाही. तळहात फिरवा, लागेल. शेजारी खिळ्यांची भोकं असतील. आतलं आणि बाहेरचं भोक समोरासमोर नसतं, मागेपुढे असतं, नाहीतर लाकूड चिरतं.

दोन्ही जागांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. बार्शी लाईट अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटर. पण गेज मोजतात रुळाच्या डोक्यापाशी, आणि रुळाचा पाया डोक्यापेक्षा रुंद असतो. म्हणून लाकडावर गेजपेक्षा दोनेक इंच कमीच भरेल.

बारामतीची_लेक

आमची दौंड-बारामतीसुद्धा अडीच फुटीच होती, 1914 सालची. आता मोठी लाईन आहे. माझ्या शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा हातभर तुकडा. शिपाईमामा लोखंडी कांबीनं ठोकायचे आणि मधल्या सुट्टीला जरा जास्तच जोरात ठोकायचे. तो तुकडा कुठल्या गाडीचा, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

धायरीकर

पुतण्याला व्हिडिओ कॉलवर मोजायला लावलं. लांबी 5 फूट 11 इंच. आतल्या कडांमधलं अंतर 3 फूट 1 इंच. उतार हाताला लागतो म्हणाला. एका भोकात खिळ्याचा गंजका बुडखा अजून आहे, तो काढू का विचारत होता. म्हटलं, हात लावू नकोस.

लाल_कंदील

मीटर म्हणजे सव्वातीन फूट, त्यातून दोनेक इंच वजा. मीटरगेज. प्रश्नच नाही. बुडखा राहू दे, तोच दाखला.

कोरेगावचा

मग तो आपल्याच पुणे-मिरज लाईनचा, बार्शी कशाला पाहिजे! मी लहानपणी त्या गाडीत बसलोय. आज साताऱ्याचं स्टेशन माहुलीला आहे, पण मीटरगेज साताऱ्याकडे वळतच नव्हती. वाठार, पळशी, सातारा रोड, कोरेगाव अशी यायची. सातारा रोड म्हणजे पाडळी, कूपरच्या कारखान्याचं गाव. सातारचा माणूस तिथं उतरून पुढं टांगा नाहीतर मोटार बघायचा. ब्रॉडगेज 1971 ला पुरी झाली, लाईन माहुलीवरून गेली आणि पाडळीचं स्टेशन बंद झालं. गावाला सातारा रोड मात्र आजही म्हणतात. निघालेले स्लीपर लोकांनी गोठ्याला, माडीला वापरले. आमच्या आळीत तीन घरांच्या चौकटीवर आहेत.

आता गंमत बघा. एखाद्या गावाला जायचं तर जिथं उतरून रस्ता धरायचा, त्या स्टेशनला रेल्वेवाले त्या गावाचं नाव देऊन पुढं 'रोड' लावायचे. कुर्डुवाडीचं जुनं नाव बार्शी रोड. तिथूनच 1897 ला बार्शी लाईट सुटली. तुमचे आजोबा नेमकं काय म्हणायचे, ते आत्याबाईंना विचारा.

धायरीकर

काल रात्री आत्याला फोन लावला. वय 84, ऐकू कमी येतं, त्यामुळे अख्ख्या सोसायटीला कळलं. म्हणाली, "दादा (म्हणजे आजोबा) म्हणायचे, रोडवरनं बैलगाडीत घालून आणला. बार्शी तुम्हीच चिकटवली. मी माहेरी आले की तुझी आईच म्हणायची, बसा वन्सं, तुमच्या गावच्या बाकावर."

लाल_कंदील आणि कोरेगावचा, दोघांचे आभार. वखारवाल्याला नाही म्हणून कळवलं. टेम्पोही ठरवला. मग बायकोनं बाल्कनी मोजली. साडेपाच फूट भरली.

बार्शी लाईटचा असता तर बसला असता.