उबुंटू: ॲप्ट अपग्रेड पूर्ण होतं, तरी काही ॲप्स जुनीच राहतात (मदत हवी आहे)

लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. मला सगळी ॲप्स टर्मिनलवरूनच अपडेट करायची आहेत, कारण काय बदलतंय, किती डाउनलोड होतंय, काय काढलं जातंय ते तिथे आधी वाचता येतं आणि मगच हो म्हणता येतं. ॲप्ट (उबुंटूचं सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणारं, अपडेट करणारं साधन) वापरून आधी 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट अपग्रेड' एवढंच करतो. एररही काही येत नाही.

तरी तीन गोष्टी कळत नाहीयेत.

अपग्रेड संपल्यावर शेवटच्या ओळीत '५ पॅकेजेस अपग्रेड केली नाहीत' अशा अर्थाचं काहीतरी येतं. पुन्हा कमांड दिली तरी तीच पाच. अशा वेळी 'ॲप्ट फुल-अपग्रेड' करा असं बऱ्याच ठिकाणी वाचलं, पण ती कमांड पॅकेजेस काढूनही टाकू शकते. रोजचं काम याच मशीनवर आहे, म्हणून कारण समजल्याशिवाय ती चालवायची नाहीये.

दुसरं, फोटो एडिटिंगचं एक ॲप त्यांच्या साइटवरून डेब फाइल (उबुंटूवर ॲप बसवायची फाइल) घेऊन टाकलं होतं. साइटवर नवी आवृत्ती दिसते, ॲप्ट मात्र त्याचं नावही काढत नाही. आणि फायरफॉक्स अपडेट झालेला मला ॲप्टच्या यादीत कधीच दिसला नाही.

शिवाय डेटाबेसचं एक पॅकेज मुद्दाम आहे त्याच आवृत्तीवर ठेवायचंय. बाकी सगळं अपग्रेड करताना ते कसं वगळायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

फुल-अपग्रेडच्या वाटेला आत्ताच जाऊ नका. तुमची पाच पॅकेजेस बहुधा टप्प्याटप्प्याने येणाऱ्या अपडेटमध्ये अडकली आहेत, आणि तसं असेल तर फुल-अपग्रेडनेही ती येणार नाहीत.

उबुंटू नेहमीचे अपडेट सगळ्यांना एकदम देत नाही. आधी थोड्या मशीनना, मग टक्केवारी वाढवत सगळ्यांना. मधल्या काळात क्रॅशचे रिपोर्ट वाढले तर तो अपडेट तिथेच थांबवला जातो, म्हणजे बिघाड सगळ्यांपर्यंत पोचत नाही. तुमचा नंबर कधी लागणार हे मशीनचा आयडी, पॅकेजचं नाव आणि आवृत्ती यांवरून ठरतं, त्यामुळे दर वेळी तुमचंच मशीन मागे राहील असं नाही. उबुंटू २१.०४ पासून ॲप्टही हे पाळतं. सुरक्षेचे अपडेट मात्र असे अडवले जात नाहीत, ते सगळ्यांना लगेच मिळतात.

खात्री करायची तर 'ॲप्ट-कॅश पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव द्या. नव्या आवृत्तीच्या ओळीत कंसात 'फेज्ड' आणि टक्के दिसले की समजा, काही करायचं नाही, वाट बघायची. 'ॲप्ट इन्स्टॉल'ने ते ओढून आणता येतं, पण मी तसं करणार नाही. एक तर तो सावधपणा आपल्याच भल्यासाठी आहे. दुसरं म्हणजे त्या पॅकेजवर 'हे वापरणाऱ्याने स्वतः मागितलं' असा शिक्का बसतो आणि पुढे 'ऑटोरिमूव्ह' (गरज संपलेली पॅकेजेस काढणारी कमांड) त्याला हात लावत नाही.

टक्के दिसले नाहीत तर गोष्ट वेगळी. साधं अपग्रेड नवीन पॅकेज आणतं पण जुनं कधीच काढत नाही. नव्या आवृत्तीसाठी जुनं काही काढावं लागणार असेल तर ते पॅकेज मागे ठेवलं जातं. तेव्हा 'ॲप्ट -एस फुल-अपग्रेड' द्या. 'एस' म्हणजे नुसती रंगीत तालीम, प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. काढायच्या पॅकेजेसची यादी नीट वाचा. त्यात तुमचा डेस्कटॉप किंवा कामाचं ॲप दिसलं तर थांबा आणि ती यादी इथे टाका.

प्रतिसाद २

फोटोच्या ॲपसाठीही पॉलिसीच बघा. त्यातलं 'व्हर्जन टेबल' वाचता आलं की निम्मे प्रश्न सुटतात. तीन चांदण्या असतात ती बसवलेली आवृत्ती. तिच्याखाली ५०० (हा प्राधान्याचा आकडा) आणि एखाद्या रिपॉझिटरीचा, म्हणजे ॲप्ट जिथून पॅकेजेस आणतं त्या सर्व्हरचा, पत्ता असेल तर ॲप्टला नवं कुठून आणायचं ते माहीत आहे. सगळ्या टेबलात फक्त १०० आणि '/वार/लिब/डीपीकेजी/स्टेटस' एवढंच असेल तर ॲप्टला इतकंच ठाऊक आहे की हे मशीनवर आहे. असं ॲप वर्षभर जुनं राहिलं तरी ॲप्ट काही बोलणार नाही. अशी सगळी एकदम बघायला: ॲप्ट लिस्ट '?ऑब्सोलीट'.

काही ॲप्सची डेब फाइल बसवतानाच स्वतःची रिपॉझिटरी जोडते. पण उबुंटूची आवृत्ती बदलताना बाहेरच्या रिपॉझिटरी बंद केल्या जातात, आणि त्या पुन्हा चालू करायचं राहून जातं. '/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी' फोल्डरमधल्या फाइली उघडून बघा. ओळीच्या सुरुवातीला # असेल किंवा 'एनेबल्ड: नो' लिहिलेलं असेल तर कारण तेच.

फायरफॉक्स उबुंटूत स्नॅप म्हणून येतो, म्हणजे ॲप्टपासून वेगळ्या पॅकेज पद्धतीने. ॲप्टमध्ये त्या नावाचं पॅकेज आहे, पण ते स्नॅपकडे बोट दाखवण्यापुरतं. स्नॅप दिवसातून चार वेळा स्वतःच नवं आलंय का ते बघतं. हाताने करायचं तर आधी ब्राउझर बंद करा आणि 'सुडो स्नॅप रिफ्रेश' द्या. ब्राउझर उघडा असेल तर अपडेट पुढे ढकलला जातो. फ्लॅटपॅकची (ही आणखी एक वेगळी पॅकेज पद्धत) ॲप्स असतील तर त्यांना 'फ्लॅटपॅक अपडेट' वेगळं द्यावं लागतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पॉलिसी बघितली. पाचही पॅकेजेससमोर 'फेज्ड' आहे, त्यामुळे ती तशीच ठेवतो. फोटोच्या ॲपची फाइल सापडली, त्यात 'एनेबल्ड: नो' होतं. २२.०४ वरून २४.०४ वर आल्यापासून ते बंद असणार. त्यांच्या साइटवर २४.०४ साठी रिपॉझिटरी आहे हे बघून 'यस' केलं, ॲप्ट अपडेट दिलं, आणि आता ते यादीत आलं. डेटाबेसचं तेवढं राहिलं.

प्रतिसाद १

त्याला 'सुडो ॲप्ट-मार्क होल्ड' आणि पॅकेजचं नाव. सोडवायचं तेव्हा 'अनहोल्ड'. डेटाबेसचे सर्व्हर, क्लायंट, लायब्ररी असे भाग असतात. एकालाच धरून ठेवलं तर बाकीचे पुढे जायला बघतात आणि अपग्रेड अडकतं, म्हणून एका संचातले सगळे एकत्र होल्ड करा. आणि होल्ड केलेल्या पॅकेजला सुरक्षेचे अपडेटही मिळत नाहीत, हे विसरू नका. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड'ची यादी अधूनमधून बघत जा. कारण फक्त मोठी आवृत्ती बदलू नये एवढंच असेल तर आधी पॅकेजचं नाव बघा. पोस्टग्रेसक्यूएल-१६ सारखा आकडा नावातच असेल तर साधं अपग्रेड त्याला १७ वर नेत नाही, आणि होल्डची गरजच उरत नाही.